खुनी कोणासारखा दिसतो?

जोनाथन डेमी यांचा ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ (१९९१) मी कॉलेजात असताना प्रथम पाहिला. बफेलो बिल हा खुनी नटूनथटून कॅमेऱ्यासमोर नाचतो, त्या प्रसंगाने मला धडकी भरली होती. परवा पुन्हा पाहताना मात्र लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. एफबीआयची प्रशिक्षणार्थी क्लॅरिस लिफ्टमध्ये शिरते, तेव्हा भोवती तिच्याहून उंच पुरुषांची गर्दी असते. तिच्याशी बोलणारे पुरुष अनेकदा थेट कॅमेऱ्यात पाहतात; त्या नजरेचा दाब प्रेक्षकावरही येतो. पहिल्या वेळी मला तो जाणवलाच नव्हता.

हिचकॉकच्या ‘सायको’तला (१९६०) नॉर्मन आईचे कपडे घालून खून करतो. दोन्ही चित्रपटांत खुलासा आहे: तिथे मनोविकारतज्ज्ञ ‘केवळ बायकी पोशाखाची आवड’ हे कारण नाकारतो, इथे क्लॅरिस सांगते की लिंगबदलाच्या इच्छेचा हिंसेशी संबंध आढळत नाही. पण प्रेक्षक संवाद विसरतो, दृश्य विसरत नाही. परिणामी भीती चिकटते ती ‘पुरेशा पुरुषी’ नसलेल्या माणसाला.

मेरी हॅरन यांनी ‘अमेरिकन सायको’त (२०००) हे उलटे केले. पॅट्रिक बेटमन वॉल स्ट्रीटवरचा, पिळदार शरीराचा, उंची सूट घालणारा तरुण. सहकाऱ्याचे व्हिजिटिंग कार्ड आपल्यापेक्षा सरस निघाले की त्याला घाम फुटतो. त्याने दिलेली कबुली वकील थट्टेवारी नेतो, शिवाय त्याला भलताच कोणी समजतो. चारचौघांसारखा पुरुष असणे हेच त्याचे लपण्याचे ठिकाण.

मुंबईतल्या १९६०च्या दशकातल्या खुन्याचे नाव घेणारा, पण त्याची कथा न सांगणारा अनुराग कश्यप यांचा ‘रमन राघव २.०’ (२०१६) याच वाटेने जातो. रमन्ना हा खुनी पोलीस अधिकारी राघवनला आपला जोडीदार मानतो आणि कथा त्याला खरे ठरवते. फरक एवढाच, की एकाच्या अंगावर अधिकार आहे. मात्र राघवनची मैत्रीण सिमी हिला स्वतःचे आयुष्य फारसे मिळत नाही. दोन पुरुषांतले साम्य सिद्ध करण्यासाठी तिचा जीव जातो, ही या चित्रपटाची मोठी उणीव.

मी मात्र इतकी वर्षे नाचणाऱ्या माणसालाच घाबरत होतो. लिफ्टमधले पुरुष माझ्यासारखे होते, म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची गरजच वाटली नव्हती.