क्रेडिट कुणाच्या नावे?

तुमच्या निकालावर ‘क्रेडिट’ असं आलं आणि तुम्ही ते फोनवर पुण्याला किंवा नाशिकला सांगितलंत, की पलीकडे क्षणभर शांतता होते. हे चांगलं की वाईट? ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक विद्यापीठांत ६५ ते ७४ गुण म्हणजे क्रेडिट, त्याच्या वर डिस्टिंक्शन, त्याहून वर हाय डिस्टिंक्शन. म्हणजे बरं आहे. पण त्या विषयाचे ‘क्रेडिट पॉइंट’ वेगळे, फी भरताना खरवडलेलं क्रेडिट कार्ड वेगळं, कर्ज मागायला गेल्यावर बघतात तो क्रेडिट स्कोअर आणखी वेगळा. आणि ग्रुप असाइनमेंटमध्ये रात्रभर जागलात तुम्ही, क्रेडिट घेऊन गेला भलताच, ते तर अगदीच वेगळं.

मराठीत यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र शब्द आहे. निकालातली श्रेणी, पॉइंटांचे श्रेयांक, दुकानातली उधारी, बाजारातली पत, वहीतली जमा आणि कामाचं श्रेय. या श्रीमंतीचा अभिमान वाटावा, हे ठीकच. माझी तक्रार शेवटच्या शब्दाबद्दल आहे. संशोधनात, कलेत, कुठेही दुसऱ्याचं काम वापरताना आपण ‘श्रेय द्या’ म्हणतो आणि तिथे चुकीचा शब्द उचलतो, असं मला वाटतं. बरोबर शब्द आपल्याकडे आहे. तो आपण प्रस्तावनेत टाकून विसरून गेलोय.

आधी ‘श्रेय’ बघा. मुळात त्याचा अर्थ ‘अधिक चांगलं’, श्रेष्ठच्या घराण्यातलाच शब्द. कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला फरक सांगतो: एक खरोखर हिताचं, दुसरं नुसतं हवंहवंसं. आजच्या मराठीत पूल झाला की दोन पक्षांत ‘श्रेयवादाची लढाई’ जुंपते. म्हणजे यमाच्या हिशेबाने ते सगळं प्रेयच. आणि गंमत म्हणजे ‘क्रेडिट’शी या शब्दाचं नातंच नाही. क्रेडिट आलंय लॅटिनमधल्या ‘विश्वास ठेवणे’ या क्रियापदावरून, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचं संस्कृतातलं भावंड मानतात ते ‘श्रद्धा’ला. श्रद्धेवरून श्राद्ध. श्राद्ध कशासाठी, तर पितृऋण फेडायला. म्हणजे वळसा घेऊन आपण ऋणापाशी येतो.

आता दोन्ही शब्दांची क्रियापदं ऐका. श्रेय देतात, घेतात, लाटतात, उपटतात. ऋण मानतात, फेडतात, ऋणातून उतराई होतात. ऋण कुणी लाटत नाही. श्रेय ही वस्तू आहे, हातातून हातात जाते आणि संपते. ऋण हे नातं आहे, त्याला दुसरं माणूस लागतंच. जुन्या खतावणीत तर अजून एक चिमटा आहे. तिथे जमेच्या समोर असतं ‘नावे’. वाण्याच्या वहीत एखादी रक्कम तुमच्या नावे पडली, तर ती तुम्ही देणं लागता. आमच्या धंद्यात नेमकं उलटं: पेपरवर नाव लागलं की ती कमाई, आणि पहिलं नाव कुणाचं यावरून वर्षानुवर्षांची मैत्री तुटते.

हा फक्त शब्दांचा खेळ नाही, हे कळायला ऑस्ट्रेलियातलीच एक नोट पुरते. १४ फेब्रुवारी १९६६ ला इथे पौंड जाऊन डॉलर आला. एक डॉलरच्या नोटेच्या मागच्या बाजूला झाडाच्या सालीवरच्या एका चित्रावरून घेतलेलं रेखाटन होतं. चित्र होतं आर्न्हम लँडमधल्या डेव्हिड मलंगी यांचं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. रिझर्व्ह बँकेने गृहीत धरलं होतं की चित्रकार कुणीतरी अनामिक, बहुधा कधीच मेलेला असणार. मलंगी तेव्हा चाळिशीच्या आसपास होते आणि चित्रं काढत होते. तिकडच्या एका शाळामास्तरांच्या लक्षात आलं, बोभाटा झाला, आणि बँकेचे गव्हर्नर एच. सी. कूम्ब्स यांनी मलंगींना हजार डॉलर, मासेमारीचं सामान आणि एक पदक दिलं. हजार डॉलर, म्हणजे त्याच नोटेच्या हजार प्रती.

श्रेय दिलं गेलं का? दिलं. नाव कळलं, पैसे मिळाले, आदिवासी कलाकारांच्या कॉपीराइटची गोष्ट आजही बरेच जण इथूनच सुरू करतात. पण चित्र कशाचं होतं ते बघा: गुर्रमिरिंगू या पूर्वज शिकाऱ्याच्या अंत्यविधीचं. ते काढण्याचा हक्क मलंगींकडे वारशाने आला होता आणि वारशाबरोबर जबाबदारीही. ते स्वतः कुणाचं तरी देणं लागत होते. पदकाला हे दिसत नाही. पदक एका माणसाच्या गळ्यात पडतं आणि हिशेब मिटतो.

बावीस वर्षांनी तीच बँक, तोच घोळ. १९८८ च्या स्मारक दहा डॉलरच्या नोटेवर टेरी युम्बुलुल यांनी घडवलेला ‘मॉर्निंग स्टार पोल’ आला. हाही अंत्यविधीशी जोडलेला. या वेळी कागदोपत्री परवानगी घेतलेली होती, युम्बुलुल यांची सही होती. पण त्यांच्या समाजातल्या जाणत्यांनी त्यांनाच जाब विचारला: हे असं छापू द्यायचा अधिकार तुला कुणी दिला? ते कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये हरले. न्यायमूर्तींनी निकालात हेही नोंदवलं की अशा सामूहिक हक्कांची पुरेशी दखल कॉपीराइटचा कायदा घेत नाही. नाव, सही, पैसे, श्रेयाचं सगळं नीट होतं. मोडलं ते ऋण, आणि कायद्याकडे त्यासाठी रकानाच नव्हता.

रकाना आमच्याकडेही नाही. हल्ली अनेक जर्नलं पेपरसोबत ‘क्रेडिट’ नावाचीच १४ भूमिकांची यादी भरून घेतात: कल्पना कुणाची, विश्लेषण कुणाचं, लिहिलं कुणी. यादी उपयोगी आहे, ज्युनियर माणसाचं काम त्यामुळे दिसतं, मी ती इमानदारीत भरते. पण त्यात निधी मिळवणं ही भूमिका आहे आणि आपली गोष्ट सांगणं ही नाही. ‘रिसोर्सेस’च्या व्याख्येत रसायनं, उपकरणं, प्राणी यांच्याच रांगेत रुग्णही येतात, कुणीतरी ‘पुरवलेले’. ज्याने पुरवले त्याला क्रेडिट.

मात्र मी ‘ऋण’ शब्दावर भाळलेय, असं समजू नका. आपण त्याचंही वाटोळं केलंय. मराठी प्रबंधाचा ‘ऋणनिर्देश’ उघडा. ‘त्यांच्या ऋणातच राहणे मी पसंत करतो’ हे वाक्य हमखास सापडेल. काय सोय आहे बघा! न फेडण्याचा निर्णय, तोही नम्रतेच्या स्वरात. हेक्सचं कर्ज असलेल्यांनी हेच वाक्य टॅक्स ऑफिसला लिहून पाहावं. आणि ज्यांना खरोखर देणं होतं, त्यांनी ऋणाचं असं कौतुक कधी केलं नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यांच्यासाठी ऋण म्हणजे जमीन जाणं होतं. ऋणात राहणं पसंत करायला आधी पोट भरलेलं लागतं.

म्हणून ऋणनिर्देशाकडून माझी मागणी जरा कोरडी आहे, वहीसारखी: कुणाकडून, काय, आणि परत काय गेलं. मलंगी आणि युम्बुलुल यांच्या गोष्टीत तिसरा प्रश्न योग्य माणसांना कुणी विचारलाच नाही.

इथल्या प्रत्येक सेमिनारच्या सुरुवातीला ‘ॲक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’ होतं, तुम्ही ते शेकडो वेळा ऐकलंय. तुमच्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात ते मराठीतून म्हणायची वेळ आली, तर ‘आभार’ म्हणाल, ‘आदर’ म्हणाल, की ‘ऋण’? मी ‘ऋण’ म्हणेन. ते ऐकून पहिल्या रांगेतले काका विचारतील, “म्हणजे आपण देणं लागतो? किती?” विचारू देत. ‘आदर व्यक्त करतो’ म्हटल्यावर हा प्रश्न कुणालाच पडत नाही.