परक्या जातींचा हिशेब आणि मिरजेचे बांध

आक्रमक परक्या जातींवरील एक जागतिक अहवाल सप्टेंबर २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. जैवविविधतेसंबंधीच्या आंतरशासकीय व्यासपीठासाठी ४९ देशांतील ८६ तज्ज्ञांनी तो सिद्ध केला. माणसाने जगभर सुमारे ३७,००० परक्या जाती नव्या प्रदेशांत नेल्या. त्यांपैकी ३,५००हून अधिक उपद्रवी ठरल्या. आणि २०१९ या एका वर्षात त्यांचा भुर्दंड ४२३ अब्ज डॉलरांवर, म्हणजे सुमारे ३५ लाख कोटी रुपयांवर गेला, असे तो सांगतो. परकी जात आणि आक्रमक जात यांत अहवाल नेमका भेद करतो. हे वर्गात आवर्जून सांगावे. मका आणि मिरची मूळच्या अमेरिकेतल्याच, पण त्यांना कोणी आक्रमक म्हणत नाही.

तथापि हा आकडा कसा तयार झाला, हे पाहिले पाहिजे. ज्या नुकसानीची कोठे तरी लेखी नोंद झाली, तेवढेच त्यात येते. भारतापुरता असाच हिशेब २०२२मध्ये मांडला गेला. १९६० ते २०२० या काळातील नुकसान त्यात ८.३ ते ११.९ लाख कोटी रुपये निघाले. पण सुमारे ३३० आक्रमक जातींपैकी खर्चाची माहिती मिळाली ती अवघ्या दहा जातींची!

मिरजेच्या आसपास बांधावर, रस्त्याकडेला, रुळांलगत वाढणारे गाजर गवत घ्या. उष्ण अमेरिकेतील ही वनस्पती पुण्यात १९५५मध्ये नोंदली गेली. एका झाडाला हजारो हलक्या बिया येतात. वारा, पाणी, गाड्यांची चाके आणि चारा त्या दूर नेतात. तिच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ उठते. घरच्या बाईचे खुरपणीत गेलेले दिवस आणि मलमाला गेलेले पैसे कोणत्या वहीत लिहिले जातात? तेव्हा जाहीर झालेला आकडा हा नुकसानीचा तळ समजावा, माथा नव्हे. अहवालही तो कमीच धरला आहे असे म्हणतो. पण बातम्यांत ही अट गळून पडते.

१९७०पासून हा भुर्दंड दर दशकात किमान चौपट होत गेला, हे विधानही जपून वाचावे. तालुक्यात एकाऐवजी चार पर्जन्यमापक बसवले आणि चौघांची बेरीज केली, तर पाऊस चौपट झाला असे होत नाही. प्रसार वाढला आहे यात शंका नाही; पण नोंदी ठेवणारेही वाढले आहेत. दोन्हींचा वाटा वेगळा करून सांगायला हवा.

तिसरा आक्षेप कारणांविषयी. इचलकरंजीजवळ पंचगंगेत केंदाळ माजते आणि ते काढण्याचा खर्च केंदाळाच्या नावावर पडतो. पण त्याला खत पुरवते ते नदीत सोडलेले सांडपाणी. केंदाळ उपसून सांडपाणी तसेच ठेवले, तर पुढच्या वर्षी तेच बिल पुन्हा येणार. रुपयांच्या एकाच रकान्यात हे दिसत नाही.

अहवालातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र मथळ्यांत आली नाही. एकूण भुर्दंडापैकी ९२ टक्के भाग हानीचा आणि केवळ ८ टक्के उपायांवरील खर्चाचा आहे. गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा भारतात आणला गेला तो १९८३मध्ये, म्हणजे पुण्यातील नोंदीनंतर २८ वर्षांनी. तोवर गवत देशभर पसरले होते.

शिक्षकांना यात करण्याजोगे काम आहे. शाळेच्या कुंपणालगत दहा मीटरची पट्टी आखून दर महिन्याला त्यातील गाजर गवताची झाडे मोजावीत. मुलांनी गवताला हात न लावता घरोघर विचारावे, की खुरपणीला किती दिवस गेले? त्याला गावच्या मजुरीने गुणावे. उत्तर लहान येईल, पण ते कोणत्याही जागतिक अहवालात नसेल.