द्विदल आच्छादन-पिकांची ‘खत-तुल्यता’ : एका मोजमापाचे परीक्षण

हिवाळ्यात द्विदल आच्छादन-पीक घ्यावे, वसंतात ते मारून त्यात मका पेरावा व पाला कुजताना सुटणारे नत्र मक्यास मिळू द्यावे, या पद्धतीवरील अमेरिकी संशोधनात एबेलहार, फ्राय व ब्लेव्हिन्स यांचा १९८४ चा निबंध महत्त्वाचा आहे. केंटकी राज्यात शून्य मशागतीच्या मक्यावर केलेल्या या प्रयोगांत हेअरी व्हेच हे पीक सरस ठरले आणि त्याचे मोल हेक्टरी सुमारे ९० ते १०० किलो खतनत्राइतके ठरविण्यात आले. प्रयोगांच्या उपयुक्ततेविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो या आकड्याच्या अर्थाचा.

खत-तुल्यता काढण्याची रीत सुटसुटीत आहे. द्विदलानंतर बिनखताच्या मक्याने जे उत्पादन दिले, तेवढेच उत्पादन द्विदलाविना मिळविण्यास किती खतनत्र लागेल, हे खत-प्रतिसादाच्या वक्ररेषेवरून वाचावयाचे. म्हणजे प्रत्यक्ष मोजले जाते ते उत्पादन. नत्राचे केवळ अनुमान होते. शून्य मशागतीत व्हेचचा पाला जमिनीवर पसरून राहतो व बाष्पीभवन रोखतो. कोरड्या उन्हाळ्यात या ओलीमुळे वाढलेले उत्पादनही मग नत्राच्याच खाती जमा होते. उलट व्हेचने वसंतात ओल शोषून घेतली, तर ती तूटही नत्राच्याच नावे पडते. तुलनेचा आधार बदलला तरीही आकडा बदलतो : रायचा पाला कुजताना सूक्ष्मजीव जमिनीतील नत्र अडकवून ठेवतात, त्यामुळे रायशी तुलना केल्यास व्हेचची तुल्यता फुगलेली दिसते.

नत्राचा प्रत्यक्ष माग नत्र-१५ या समस्थानिकाने काढता येतो. हॅरिस व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन वर्षांत पिकांनी खतनत्रापैकी ४० टक्के उचलले, द्विदलाच्या नत्रापैकी मात्र केवळ १७ टक्के. जमिनीत द्विदलाचे ४७ टक्के नत्र शिल्लक राहिले, खताचे १७ टक्के. दोहोंची हानी जवळजवळ सारखीच होती. अर्थात ही पद्धतीही निर्दोष नव्हे. सूक्ष्मजीव खुणेचे नत्र शोषून घेतात व त्याच्या जागी जमिनीतील जुने नत्र पिकास मिळते. हा लाभ समस्थानिकाच्या हिशेबात येत नाही. तथापि द्विदल हे खताचे पोते नसून जमिनीच्या नत्रसाठ्यात घातलेली भर आहे, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. एका ठिकाणच्या ओलीतून व मशागतीतून निघालेला आकडा दुसऱ्या हवामानात, नांगरलेल्या शेतास जसाच्या तसा लावून खताची मात्रा घटविली, तर चुकीची किंमत मका ऐन वाढीत असताना शेतकऱ्यास मोजावी लागते. ताग वा धैंचा घेऊन असे प्रयोग मांडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनीही खत-तुल्यतेबरोबर पिकाने उचललेले नत्र, जमिनीतील नायट्रेट, ओल आणि तुलनेचा आधार या चारही गोष्टी नोंदवाव्यात. त्यांच्यावाचून ‘हेक्टरी इतके किलो’ हा निष्कर्ष त्या शेतापुरता व त्या हंगामापुरताच खरा समजावा.