सरकती भिंत आणि तिची कडी

चालणारी भिंत मराठी माणसाला नवी नाही. चांगदेव वाघावर बसून भेटीला आले आणि निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई ही भावंडे बसल्या भिंतीसह त्यांना सामोरी गेली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेतली भिंत दोघांमधले अंतर मिटवायला निघाली होती. आज बांधकामाच्या बाजारात मिळणाऱ्या सरकत्या, घडीच्या भिंतीचे काम उलटे आहे. एकत्र राहणाऱ्यांना हवे तेव्हा वेगळे करणे, हे ते काम. तिची जाहिरात मात्र एकाच शब्दावर उभी असते: जागा. हे माप मला अपुरे वाटते. सरकत्या भिंतीची खरी परीक्षा तिने किती चौरस फूट वाचवले यात नाही. तिची कडी कोणाच्या हाती राहते यात आहे. घरांचे नकाशे काढणाऱ्यांनी हा प्रश्न विचारला नाही, आणि घरांविषयी लिहिणाऱ्यांनीही तो बहुधा हसण्यावारी नेला.

मी वास्तुशास्त्र शिकलेलो नाही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवर घरे पाहत, घरातल्यांना विचारत जे कळले, त्यावर हा लेख आधारलेला आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या जुन्या घरांत मधली भिंत म्हणजे कूड. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या बांबूच्या कांबींनी आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायच्या. हा मधला कूड छपराला भिडत नाही. धूर, उजेड आणि आवाज वरून फिरत राहतात. घर वाढले की कूड सोडून दुसरीकडे उभा करता येतो. काही घरांत भाताच्या कणग्याच ओळीने मांडलेल्या दिसतात आणि त्यांच्यामागे चुलीची किंवा बाळंतिणीची जागा होते. पावसाळ्यात भात सरत आला की रिकामी कणगी हलते आणि घराचा आकार बदलतो. बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांना लाकडी फळ्यांचे दार असे. प्रत्येक फळीवर आकडा, कारण प्रत्येक फळी आपल्याच जागी खोबणीत बसते. सकाळी फळ्या काढल्या की दुकानाची एक बाजू रस्त्याला मिळते.

अशा गोष्टींना आपल्या भाषेत वेगळा शब्द आहे: आडोसा. भावाभावांत ‘भिंत घालतात’. गरजेपुरता ‘आडोसा करतात’. भिंत घातली की राहते. आडोसा गरज संपली की उठतो.

आता हिशेब पाहू. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट ठरले. त्यात चार मीटर लांबीची नऊ इंची विटांची भिंत आडवी घातली, तर ती ०.९२ चौरस मीटर खाते. घराचा जवळजवळ चार टक्के भाग. साडेचार इंची भिंत ०.४६ चौरस मीटर घेते, तीन इंची कूड ०.३०. या शेवटच्या दोहोंतला फरक एका पाटाएवढा आहे. घडीची भिंत तरी काय करते? चार मीटरच्या भिंतीचे अर्ध्या अर्ध्या मीटरचे आठ पल्ले केले, पल्ला आठ सेंटिमीटर जाड धरला, तर घडी ६४ सेंटिमीटर गुणिले ५० सेंटिमीटर होते, म्हणजे ०.३२ चौरस मीटर. भिंत नाहीशी होत नाही; कोपऱ्यात जाऊन उभी राहते. वाचते ते वेगळेच. एकाच जमिनीला दिवसा एक आणि रात्री दुसरे काम देता येते. मग प्रश्न येतो की कोणाचे काम आधी. अभ्यास करणाऱ्या मुलीचे, दूरचित्रवाणी बघणाऱ्यांचे, की दमून आडवे होणाऱ्याचे?

हा प्रश्न मराठी वाचकाला मुंबईच्या चाळींमुळे परिचयाचा आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. आजच्या घरकुलाच्या तीनपंचमांश. त्यात दोन-दोन पिढ्या राहिल्या. चाळीवरच्या लेखनाने या अडचणीतून विनोद काढला. पु. ल. देशपांडे यांच्या १९५८ च्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये हसू आहे आणि शेवटी हरवत चाललेल्या जिव्हाळ्याची हुरहुर आहे. ती हुरहुर खरी आहे. पण तो जिव्हाळा ज्या उघडेपणावर उभा होता, त्याची किंमत कोणी मोजली, हे त्यात फारसे येत नाही. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या चित्रपटाने निदान हा प्रश्न मध्यभागी आणला: नव्या जोडप्याला भरल्या घरात एकांत मिळत नाही. बासू चटर्जी यांनी त्यावरून १९७२ मध्ये ‘पिया का घर’ केला. दोन्हींचा सूर मात्र हलकाफुलका. दोरीवर टाकलेले लुगडे ही आपल्याकडची पहिली सरकती भिंत. आपण तिच्याकडे रंगमंचावरच्या सामानासारखे पाहिले. ती दोरी कोणी बांधली, लुगडे कोणाचे, आणि सगळे उठण्याआधी ते कोणी काढून ठेवायचे, हे विचारले की हसू जरा आवरते. आडोसा करण्याचे कष्ट सुनेचे आणि तो कधी उठवायचा हे ठरवणार घर, अशी ती वाटणी होती.

शिवाय लुगडे नजर अडवते, आवाज नाही. ध्वनिशास्त्राचा साधा नियम असा की भिंतीचे दर चौरस मीटरचे वजन दुप्पट केले, तर आवाज सुमारे सहा डेसिबलने जास्त अडतो. म्हणून हलकी भिंत सरकायला सोपी, पण आवाजाला निरुपयोगी. त्याहून मोठा शत्रू फट. भिंतीच्या एक टक्का भाग उघडा राहिला, तर बाकीची भिंत कितीही भक्कम असो, अडवणूक वीस डेसिबलच्या पुढे जात नाही. चार मीटर लांब, अडीच मीटर उंच भिंतीखाली एक इंचाची फट म्हणजेच एक टक्का. आवाज अडवणारे पल्ले चौरस मीटरला चाळीस किलो धरले, तर अशी भिंत चारशे किलोची होते. ती वरच्या रुळाला टांगलेली असते आणि घडी घातली की हे सगळे वजन तुळईच्या एका टोकाला येते. पत्र्याच्या छपराखालच्या लोखंडी कैच्या एवढ्यासाठी केलेल्या नसतात. शाळेतही हाच पेच. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतच्या साठ मुलांना दोन शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकाला किमान एक वर्गखोली सांगितली आहे. मोठ्या खोलीत हलका पल्ला ओढून कागदावर दोन खोल्या होतील. पण एका बाजूचे पाढे दुसऱ्या बाजूच्या कवितेत मिसळतील. तिथे भिंत मोजली गेली, वर्ग मिळाला नाही.

मग सरकती भिंत टाकाऊ आहे का? नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात १९२४ मध्ये खेरिट रिटवेल्ड यांनी बांधलेले श्रोडर घर हे तिचे गाजलेले उदाहरण. २००० मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले. वरचा मजला दिवसा एक सलग खोली, रात्री पल्ले ओढले की वेगवेगळ्या खोल्या. तिथल्या पल्ल्यांची कारागिरी वाखाणली जाते. मला त्याआधीची गोष्ट महत्त्वाची वाटते. ते घर ट्रुस श्रोडर या तीन मुलांच्या विधवा आईने रिटवेल्ड यांच्या बरोबरीने आखले. कोणती भिंत कधी हवी, हे तिथे राहणारीने ठरवले. चाळीतल्या सुनेला आणि घरकुलातल्या बाईला नेमके हेच विचारले गेले नाही.

घरकुलाचा नकाशा तपासताना तीन प्रश्न विचारावेत, असे मी सुचवतो. आडोसा नजरेसाठी हवा की आवाजासाठीही? तो ओढला की आत वारा आणि उजेड उरतो का? आणि तो उघडायचा अधिकार कोणाचा? तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत पहिल्या दोहोंचे उत्तर देणाऱ्याला घर कळलेले नसते. महागड्या रुळांची गरज नाही. काँक्रीट ओतण्याआधी तुळईच्या पोटात एक खोबण आणि दोन कड्या ठेवल्या, तर पुढे त्यात फळ्या, बांबूची तट्टी किंवा जाड पडदा, जे परवडेल ते बसवता येईल. मुलगी मोठी झाली, सून आली, म्हातारी आजारी पडली, तसा आडोसा बदलेल. पल्ला बसवलाच, तर त्याला आतून कडी असावी, आणि जिला तिची गरज सर्वांत जास्त, तिच्या हाताला ती लागावी.