फियाटचा फोटो

मोटारीचा फोटो काढणं हे माणसाचा फोटो काढण्यापेक्षा अवघड. माणसाला 'जरा हसा' म्हणता येतं. मोटार म्हणजे मुळात चालता आरसा. तिच्या पत्र्यात आभाळ, समोरचं घर, फोटो काढणारा आणि त्याच्यामागे उभं राहून सूचना करणारे मामा, असे सगळे दिसतात. माझ्या भाच्यानं घरच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचे (आम्ही तिला फियाटच म्हणतो) तीन फोटो काढले आणि म्हणाला, "मामा, खरं काय ते सांगा." खरं सांगायची संधी नात्यात क्वचितच मिळते. म्हणून हे परीक्षण.

पहिला फोटो महाडचा, दारातला. फ्लॅश कॅमेऱ्याच्याच डोक्यावर. चकाकती नंबरप्लेट उजेडाला आल्या वाटेनंच परत धाडते, त्यामुळे नंबराच्या जागी नुसता पांढरा पाट. बंपरवर एक सूर्य, काचेत दुसरा. गाडीचा चेहरा विनातिकीट पकडलेल्या उतारूसारखा.

दुसऱ्यात दोन फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, दोन बाजूंना, पांढऱ्या छत्र्यांमागे. (पाऊस नाही, ऊन नाही, मग छत्र्या कशाला, असं शेजारी विचारून गेले.) उजेड मऊ झाला, सगळीकडे सारखा पसरला. पोचे गेले, गंज गेला, विटलेला रंगही उजळला. ताईला हाच आवडला. मला मात्र पत्र्यात छत्र्यांचे दोन चंद्र दिसले. गाडी दिसते, पण आमची दिसत नाही. नवरीला इतकं नटवावं की नवऱ्यानंच नाव विचारावं, तशातली गत!

तिसरा पोलादपूरचा. आंबेनळी घाटाच्या अलीकडे, रस्त्याकडेला, सूर्य बुडाल्यावर. इथं पोरगं शहाणं झालंय. बाहेर एकच फ्लॅश, डावीकडे, कमरेच्या उंचीवर, उजेड पत्र्याला घासून जाईल असा. फ्लॅश क्षणभरच लखलखतो; शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की मागचं निळं आभाळही फोटोत येतं. त्या तिरप्या उजेडानं बॉनेटची कड उठली, आणि मागच्या दारावरचा पोचाही उठला. एका चिऱ्याच्या गडग्यानं भावोजींना दिलेला. तक्रार एकच: दुसरा फ्लॅश त्यानं मागच्या सीटवर लपवलाय, त्यामुळे आतून मत्स्यालय वाटतं. त्याची ताकद चौथाई केली असती, तर कुणीतरी नुकतंच चहाला उतरलंय असं वाटलं असतं.

एवढा काथ्याकूट का? वीस वर्षांची मर्यादा संपून मुंबईची काळीपिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. आमचीही भंगारात द्यायचं घाटतंय. मग उरेल तो भिंतीवरचा फोटो. दुसरा लावला तर नातवंडं म्हणतील, 'काय छान गाडी!' आणि खेळायला पळतील. तिसरा लावला तर विचारतील, 'हा पोचा कसला?' मग भावोजींना ती गोष्ट सांगता येईल. ती ते आत्ताच आठवड्यातून दोनदा सांगतात, हा भाग निराळा.