प्रतीक्षेचा आज्ञार्थ
कॉन्स्तान्तिन सिमोनोव यांनी १९४१ मध्ये अभिनेत्री वालेन्तिना सेरोवा यांना उद्देशून लिहिलेली ‘माझी वाट पाहा’ ही कविता जानेवारी १९४२ मध्ये ‘प्रावदा’त प्रसिद्ध झाली. ती विरहकविता म्हणून वाचली जाते. तथापि तिचे अर्थकेंद्र आज्ञार्थी क्रियापदात आहे. सैनिक येथे प्रेमाची ग्वाही देत नाही, प्रतीक्षेची मागणी करतो. आई, मुलगा, मित्र यांनी आशा सोडली तरी प्रेयसीने ती सोडू नये. कारण तो वाचेल तो तिच्या प्रतीक्षेमुळेच. मृत्यूच्या यादृच्छिकतेला दिलेले हे भाषिक उत्तर होय. परंतु त्याचा व्यत्यास भीषण आहे: जो परतला नाही, त्याच्या प्रेयसीची प्रतीक्षाच अपुरी ठरते. सैनिकाची आर्तता खरी आहे. मात्र तिचा भार जिच्यावर पडतो, तिला या कवितेत उच्चार नाही.