इंडक्शन शेगडीची पुस्तिका : सूचना भरपूर, कारणे गायब

परीक्षणासाठी आमच्याकडे येतात ती पुस्तके. या वेळी मात्र आम्ही एक पुस्तिका निवडली आहे. ती विकत घ्यावी लागत नाही. इंडक्शन शेगडीच्या खोक्यात थर्माकोलच्या खाली ती आपोआप येते आणि बहुतेक घरांत वॉरंटी कार्डाबरोबर कपाटात जाऊन बसते. तीन निरनिराळ्या कंपन्यांच्या अशा पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून आम्ही वाचल्या. नावे देत नाही, कारण दोष कोणा एकीचा नाही.

आधी कारण सांगतो. आमच्या घरच्या शेगडीच्या काचेला कोपऱ्यात केसाएवढा तडा गेला. शेगडी नेहमीसारखी तापत होती, म्हणून आम्ही ती वापरत राहिलो. आठवड्याभराने एका संध्याकाळी दूध उतू गेले आणि क्षणात सगळ्या घरातले दिवे गेले. वीज गेली असे आम्हांला वाटले. पण शेजाऱ्यांकडे दिवे होते. मुख्य फळीवरचा आरसीसीबी पडला होता. हा स्विच विजेची गळती झाली की पुरवठा तोडतो. दूध तड्यातून आत गेले होते. ज्या घरांत असा स्विच नाही तिथे काय झाले असते, हा विचार नंतर आला आणि आम्ही पुस्तिका शोधून काढली.

तड्याविषयीची सूचना तिच्यात होती! बावीस सूचनांपैकी सतराव्या क्रमांकावर, शेगडी घराबाहेर वापरू नये आणि मुलांना दूर ठेवावे या दोन सूचनांच्या मधोमध. तडा गेल्यास शेगडी बंद करावी, एवढेच वाक्य. का, ते नाही. त्यामुळे सामान्य वाचकाला वाटते की तडा म्हणजे दिसायला वाईट एवढेच. खरी गोष्ट अशी आहे की काचेच्या खाली असलेले तांब्याचे वेटोळे आणि मंडल थेट घरच्या विजेशी जोडलेले असते. आपले ओले हात आणि ती वीज यांच्यामध्ये असते ती ही काच. भांडे ठेवायचा ओटा आणि विद्युतरोधक भिंत अशी दोन्ही कामे ती करते. हे एक वाक्य छापले असते तर आम्ही आठ दिवस त्या शेगडीवर चहा केला नसता.

आमची मुख्य तक्रार हीच आहे. कारण सांगितले नाही की सगळ्या सूचना एकाच वजनाच्या होतात. जिवावर बेतणारी कोणती आणि काचेची चकाकी टिकवणारी कोणती, हे वाचकाला ठरवता येत नाही. मग तो एकही पाळत नाही.

दुसरे उदाहरण साफसफाईचे. तिन्ही पुस्तिका म्हणतात की शेगडी पूर्ण थंड झाल्यावरच पुसावी. हात भाजू नये म्हणून हे योग्यच. पण गुळाचा किंवा साखरेचा पाक सांडला तर हाच सल्ला काचेला महागात पडतो. त्यासाठी ही काच काय चीज आहे ते पाहावे लागेल. १९५३ साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी यांच्या भट्टीचे तापमान ६०० ऐवजी ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले. आतली काच वितळून गेली असेल असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात ती पांढरी, अपारदर्शक झाली होती आणि हातातून निसटून पडली तरी फुटली नाही. काचेत सूक्ष्म स्फटिक तयार झाले होते. हीच काच-सिरॅमिकची सुरुवात. शेगडीसाठी वापरतात त्या प्रकारात काच तापल्यावर प्रसरण पावते, तर आतले स्फटिक किंचित आकुंचन पावतात, आणि दोहोंची जवळजवळ वजाबाकी होते. म्हणून तापलेल्या पृष्ठभागावर गार पाणी सांडले तरी चांगली काच तडकत नाही. (काचेच्या गॅस शेगडीवर असते ती कडक केलेली काच, म्हणजे टफन्ड ग्लास. ती वेगळी. ती फुटली की तिचे बारीक तुकडे होतात.)

आता पाकाकडे या. गरम पाक काचेला घट्ट चिकटतो. निवताना तो आकुंचन पावतो, काच मात्र जवळजवळ तेवढीच राहते. या ओढाताणीत काचेचे टवके निघू शकतात. म्हणून पाक सांडल्यास शेगडी बंद करून, भांडे उचलून, काच गरम असतानाच लाकडी उलथन्याने हात लांब ठेवून तो खरवडायला हवा. कारण ठाऊक असलेला माणूस नियमाला अपवाद कुठे ते ओळखतो. पुस्तिकेने त्याला ती संधीच दिलेली नाही.

तीच गत ‘अपघर्षक पदार्थ वापरू नयेत’ या सूचनेची. हा शब्द आमच्या घरी कोणालाच कळला नाही. भांडी घासायची पावडर असे लिहिले असते तर कळले असते. अॅल्युमिनियमचे भांडे सरकवल्याने उठणाऱ्या करड्या रेषा हे ओरखडे नसून काचेवर उतरलेला धातू असतो, आणि विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डाग चुनखडीचे असल्याने व्हिनेगरने जातात, हेही कुठे नाही.

पुस्तिकेच्या शेवटी बिघाड आणि उपाय यांचा तक्ता असतो. हा भाग त्यातल्या त्यात बरा आहे. तरी शेगडी मध्येच बंद पडते, यापुढे तिन्ही ठिकाणी सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधावा असे लिहिले आहे. बरेचदा त्याची गरज नसते. शेगडीतला पंखा खालच्या जाळीतून हवा ओढतो. शेगडी मेणकापडावर ठेवली, भिंतीला टेकवली किंवा जाळीत तेलकट धूळ साचली की आतली उष्णता बाहेर जात नाही आणि तापमान मोजणारा थर्मिस्टर शेगडी बंद करायला लावतो. प्लग काढून जाळी कोरड्या ब्रशने साफ केली की काम होते. दुसरा तपास प्लगचा. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर विद्युतधारा घेते. तिला ६ अँपिअरचे सॉकेट देणे चूकच. प्लग गरम लागला किंवा काळवंडला तर दोष शेगडीत शोधू नये.

भांडे ओळखले जात नाही या ओळीपुढे योग्य भांडे वापरा, एवढेच. योग्य म्हणजे काय? वेटोळ्यातली विद्युतधारा सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलते. त्यामुळे भांड्याच्या बुडात भोवरा धारा निर्माण होतात. लोखंडात त्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरातच वाहतात, त्यांना रोध जास्त होतो आणि बूड तापते. तांबे आणि अॅल्युमिनियममध्ये हे पुरेसे घडत नाही. बुडाला चुंबक चिकटले तर भांडे चालेल, ही साधी कसोटी दोन पुस्तिकांत आहे, तिसरीत नाही.

शिक्षकांना आम्ही ही पुस्तिका का दाखवतो आहोत? दहावीच्या वर्गात आपण विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवतो. तिथे फॅरेडे असतो, वेटोळे असते, गॅल्व्हनोमीटरचा काटा हलतो, पण शेगडीची गोष्ट क्वचितच निघते. पुस्तिकेत वस्तू आहे आणि कारण नाही. आपल्या तासाला बरेचदा उलटे होते. दोन्ही अर्धवट पाने जोडण्याचे काम वर्गात होऊ शकते. मुलांना घरून भांडी आणायला सांगा, चुंबक लावण्याआधी अंदाज लिहायला लावा. स्टीलची काही भांडी चुंबकाला दाद देत नाहीत, तिथे चर्चा रंगते. मग पुस्तिकेतले एक पान फळ्यावर घेऊन प्रत्येक सूचनेपुढे ‘का?’ असा रकाना करा. ज्या सूचनेचे कारण सापडणार नाही ती पुढच्या तासाला ठेवा. शेगडी मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या धारित्रात काही काळ विद्युतभार राहू शकतो.

आमच्या घरी आता नवी शेगडी आली आहे. तिच्या पुस्तिकेत तड्याची सूचना आम्ही तांबड्या शाईने पहिल्या क्रमांकावर नेली आणि पुढे दोन ओळींत कारण लिहिले. ते पान कपाटात न ठेवता ओट्यावरच्या भिंतीला चिकटवले आहे.